भोंगेवाले साहेब

दुपारी सव्वाचारला सातपूरच्या कारखान्याचा भोंगा त्र्यंबक नाक्यावर वाजायचं काही कारण नव्हतं. तरी तो वाजायचा, आणि रस्त्यावरचे दोन-चार सायकलवाले हमखास घड्याळाकडे बघायचे. एकदा तर एका गृहस्थांनी सायकल थांबवून मला विचारलं, "शेठ, शिफ्टची वेळ बदलली का?" मी दुकानासमोर उभ्या असलेल्या मोटारीकडे बोट केलं. भोंगा मोटारीच्या टेपवर वाजत होता. आत आमचे साहेब डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या कानात रबराच्या नळीचं एक टोक होतं. दुसरं टोक ते ॲशट्रेपासून दाराच्या कडीपर्यंत हळूहळू फिरवत होते. गृहस्थ जरा वेळ बघत राहिले, मग सायकलवर बसून निघून गेले.

मोटारीत टेप आणि स्पीकर बसवून द्यायचं माझं दुकान होतं. ऐंशीच्या आसपासचे दिवस. नाशकात मोटारी मोजक्याच, पण ज्याच्याकडे मोटार त्याला टेप हवाच. द्राक्षबागाईतदार, डॉक्टर, वकील, वणीला भाविक नेणारे टॅक्सीवाले, सगळे यायचे. स्पीकर बसवणं सोपं होतं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत येऊन "अहो, खर्रर्र होतंय" म्हणायचं, ते निस्तरणं अवघड. गाणं सुरू झालं की गाडीत कुठंतरी काहीतरी थरथरायचं आणि गिऱ्हाईक स्पीकरकडे बोट दाखवायचं. नवी सून घरात आली आणि त्याच दिवशी दूध नासलं, तर नाव कोणाचं येतं? स्पीकरचंही तसंच व्हायचं.

साहेब माझ्याकडे नोकरीला नव्हते. ते सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला तुकडा मापात असेल तर 'ओके' म्हणायचं, नसेल तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हे त्यांचं काम. हुद्द्याचं नाव इन्स्पेक्टर. त्यामुळे माझी काही गिऱ्हाइकं त्यांना आरटीओचा माणूस समजून उगाचच लायसन्स काढून दाखवायची. एका दुपारी ते सायकलवरून दुकानावरून चालले होते. मी आणि एक डॉक्टर स्पीकरवरून हमरीतुमरीवर आलो होतो. साहेबांनी एक पाय जमिनीला टेकवला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "स्पीकर ओके आहे. मागच्या सीटखाली काचेची वस्तू आहे." सीट उचलली तर खाली इंजेक्शनच्या दोन रिकाम्या कुप्या. साहेब सायकलवर टांग टाकून गेलेही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत आले आणि विचारलं, "आज आहे का काही?" तेव्हापासून पहिली शिफ्ट सुटली की ते माझ्याकडे येत राहिले.

त्यांची एक खाकी कापडी पिशवी होती. तिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मी एकदा ती खुर्चीवरून उचलून टेबलावर ठेवली, तर दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. तिच्यात खडू, लाल रंगाची बाटली, ती रबराची नळी, फटी मोजायची पोलादी पानं, सहा इंची पोलादी पट्टी आणि भोंग्याची कॅसेट. ही कॅसेट त्यांनी कारखान्याच्या भिंतीला टेप टेकवून स्वतः भरली होती. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसलो. साहेबांना हसण्याचा राग येत नसे, अज्ञानाचा यायचा.

"शेठ, गाण्यात सगळे सूर एकदम येतात. कोण कशानं वाजलं ते कळत नाही. भोंगा खालून उठतो आणि पायरी पायरीनं वर चढतो. गाडीतली प्रत्येक ढिली वस्तू आपापल्या पायरीला बोलते. मग पकडायची."

आणि खरोखरच तसं व्हायचं. भोंगा खाली घुमायला लागला की मागच्या काचेखालची फळी थरथरायची. जरा चढला की दाराची पत्र्याची जाळी बोलायची. आणखी वर गेला की आरशाचा स्क्रू किंवा चिल्लर पैसे. साहेब खडूनं एकेकाभोवती गोल काढायचे. गिऱ्हाइकाला आपल्या गाडीत एवढे आवाज आहेत हे त्या दिवशीच कळायचं आणि चेहरा पडायचा.

त्यांचा दुसरा हट्ट जास्त त्रासाचा. गाडी घेऊन एकटं यायचं नाही. रोज जे लोक बसतात ते सगळे आणायचे, आणि ज्याची जी जागा तिथं बसवायचं. "रिकामी गाडी तपासून काय उपयोग? तुम्ही रिकामी वापरता का?" असं ते विचारायचे. एक बागाईतदार त्यासाठी पिंपळगावहून आई, बायको, तीन मुलं आणि दुधाची किटली घेऊन आले. सगळे आपापल्या जागी अंग चोरून बसले. भोंगा वाजला तसं धाकटं रडायला लागलं. आजी म्हणाल्या, "काय लढाई लागली काय रं?" साहेब ढिम्म. त्यांनी भोंगा पुन्हा लावला आणि आजींच्या पायाखालच्या रबरी चटईखालून द्राक्षं काढायची कात्री बाहेर काढली. आजींचा पाय पडला की ती पत्र्याला टेकायची आणि वाजायची. ही कात्री हरवली म्हणून घरात महिनाभर भांडण चाललं होतं, असं सुनेनं तिथंच सांगून टाकलं. आजींनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

एका टॅक्सीवाल्यानं आरशाला पितळेची घंटा टांगली होती, वणीच्या गडावरून आणलेली. स्पीकर लागल्यापासून ती किणकिणायची आणि तो म्हणायचा स्पीकरच खराब. साहेब बौद्ध, देवाधर्माच्या भानगडीत न पडणारे. मला वाटलं, आता वाद होणार. साहेबांनी फक्त घंटा मुठीत धरली, गाणं लावायला सांगितलं, मग मूठ सोडली, पुन्हा धरली. असं तीनदा केलं. म्हणाले, "घंटा तुमच्या देवीची, आवाज तुमच्या गाडीचा. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. स्पीकर ओके." टॅक्सीवाल्यानं आठ दिवस विचार केला आणि टेप काढून टाकला. मला वाईट वाटलं, साहेबांना मुळीच नाही. "निर्णय माहिती घेऊन झाला, मग बरोबर," म्हणाले.

तपासणीचा हा किडा दुकानापुरता नव्हता. लग्नाच्या पंगतीत पुरी फुगली नसेल तर ती ताटाच्या कडेला सरकवून "रिजेक्ट" म्हणायचे, आणि आचाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचे. सातपूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत बुद्धाची तसबीर पाणसळ लावून अगदी समतल टांगलेली होती. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोनं चहा दिला. त्यांनी कप बशीत गोल फिरवला, कान खाली नेला आणि म्हणाले, "वहिनी, चहा फस्टक्लास. बशी ह्या कपाची नाही." ती आतून अख्खा सेट घेऊन आली. दोघं पंधरा मिनिटं जोड्या जुळवत बसले होते. माझा चहा निवून गेला.

आता जयरामबद्दल सांगितलं पाहिजे. जयराम माझा फिटर. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा, तिशीचा, बायको-मुलीला आणि आईला गावी ठेवून नाशकात राहायचा. हात इतका साफ, की दाराचं अस्तर काढून परत लावलं तर कुठं उघडलं होतं ते सांगता यायचं नाही. बोलणं कमी. साहेबांचा तो लाडका होता, म्हणजे साहेब त्याच्या कामात कमी चुका काढायचे. जयराम बसवणार, साहेब तपासणार, आणि दोघं आपापल्या कामाचे पक्के. अशी जोडी मला पुन्हा मिळाली नाही.

एका संध्याकाळी साहेबांची सहा इंची पट्टी दिसेना. ही पट्टी त्यांनी शिकाऊ असताना स्वतःच्या हातानं घासून बनवली होती, मागे नावाची अक्षरं ठोकलेली. त्यांनी पिशवी चार वेळा पाहिली, गाद्या उलटल्या, मला काउंटरवरून उठवलं. चेहरा उतरलेला आणि आवाज चढलेला. त्या दुपारी गाड्यांवर साहेबांबरोबर फक्त जयरामच होता. तो हात धुऊन, पिशवी घेऊन निघाला होता. साहेब त्याच्यासमोर उभे राहिले.

"जयराम, पिशवी दाखव."

"साहेब, मी नाय घेतली. माला काय करायची ती?"

"दाखव म्हणतो ना."

जयरामनं पिशवी काउंटरवर रिकामी केली. डबा, एक शर्ट, फडक्यात बांधलेली स्वतःची पक्कड आणि मुलीसाठी घेतलेला छोटा लाल फ्रॉक. साहेबांनी डबाही उघडायला लावला. डब्यात अर्धी भाकरी होती. साहेब म्हणाले, "ठीक आहे. जा." जयरामनं सगळं पुन्हा भरलं. फ्रॉकची घडी मोडली होती, ती त्यानं नीट घातली आणि गेला.

मी तेव्हा काय करत होतो? मी दुकानाचा मालक, मी एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. मी कॅसेटी अक्षरांप्रमाणे लावत होतो. मला माहीत होतं की जयराम तसा नाही, आणि मला हेही माहीत होतं की साहेब चिडले तर उद्या येणार नाहीत. मी कॅसेटी लावत राहिलो. दुसऱ्या दिवशी जयराम आला नाही. शेजारच्या चहावाल्याकडे दुकानाची किल्ली आणि "गावी काम हाय" एवढा निरोप होता.

महिना झाला असेल. एक वकील गाडी घेऊन आले. पट्टी हरवली त्याच दिवशी त्यांच्या पुढच्या दोन्ही दारांतले स्पीकर जयरामनं बसवले होते, साहेबांनी ओके केले होते. आता काच पूर्ण खाली केली की डाव्या दारात खडखडायचं. वकील काउंटरवर टेकून मला ऐकवायला लागले. "असली रानातली माणसं धरून आणता आणि आमच्या गाड्या त्यांच्या हातात देता." त्यावर मी म्हणालो, "तो होता तसाच. आता गेला." हे वाक्य मी बोललो, मोठ्यानं बोललो, आणि साहेबांनी ते ऐकलं.

साहेबांनी भोंगा लावला, नळी फिरवली, काच वर-खाली केली. मग दाराचं अस्तर उघडून कोपरापर्यंत हात आत घातला. हात आतच राहिला. मी बघत होतो म्हणून मला कळलं. वकिलांची पाठ तिकडे होती, ते चहा पीत होते. साहेबांनी हात हळूच बाहेर काढला आणि मला पोलाद चमकलेलं दिसलं.

काय घडलं असणार ते आम्हा दोघांना एकदमच समजलं. काच खाली आली की ती स्पीकरच्या मागच्या चुंबकाला लागता कामा नये, म्हणून मधली फट मोजावी लागते. साहेबांनी ती एकदा मोजली असणार. समाधान झालं नसणार. जयराम अस्तर लावायच्या आधी त्यांनी पुन्हा मोजली आणि पट्टी आतल्या कडेवर उभी ठेवली ती तशीच राहिली. जो एकदाच मोजतो त्याच्या हातून ही चूक झाली नसती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खूण केली, खिशात टाका. खोटं कशाला सांगू, तेवढंच मला सुचलं. पट्टी खिशात गेली असती, अस्तर लागलं असतं, वकील खूश झाले असते, जयराम तर गेलेलाच होता. साहेब चालत आले आणि त्यांनी ती पट्टी वकिलांच्या हातात ठेवली.

"ही माझी. मागे नाव आहे, वाचा. फिटरचं काम बरोबर होतं. मी तपासताना ही दारात विसरलो आणि वर ओके दिला. तो ओके चुकीचा होता. त्या माणसाबद्दल तुम्ही जे बोललात ते परत घ्या."

वकील गोंधळले. "बरं बरं, घेतलं," म्हणाले. साहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं माझ्यावर बरसणार. ते एवढंच म्हणाले, "रविवारी सुरगाण्याला जायचंय. तुम्ही यायचं. तुम्हीही होता तिथं."

वणीपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपमध्ये आम्ही अठरा-वीस जण, दोन कोंबड्या आणि एक सायकल. जीपचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक साखळी वाजत होती. एरवी साहेबांनी ड्रायव्हरला थांबवून खडू काढला असता. त्या दिवशी त्यांना काही ऐकू येत नसावं. घाट लागल्यावर ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"शेठ, शिफ्ट सुटली की गेटवर आमची झडती होते. मी इन्स्पेक्टर, तरी होते. वॉचमन खिसे चाचपतो, डबा उघडायला लावतो. इतकी वर्षं झाली, मी त्याच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही. हात वर करतो आणि समोरच्या नोटीस बोर्डाकडे बघत राहतो. त्या दिवशी जयरामनं डबा उघडला ना, तेव्हा तो तुमच्या कॅसेटच्या फळीकडे बघत होता. मला दिसलं होतं, शेठ. दिसूनही मी डबा उघडायला लावला."



पाड्यापर्यंत अर्धा तास चाललो. भाताची झोडणी चालू होती. जयराम खळ्यावर पेंढ्या आपटत होता. आम्हाला पाहून थांबला, हात पुसले, आणि काही न विचारता घरातून पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी प्यायलो. साहेबांनी घेतलं नाही.

"पट्टी सापडली, जयराम. वकिलाच्या दारात. मीच विसरलो होतो."

जयरामची बायको दारात येऊन उभी राहिली, मागे लाल फ्रॉकमधली मुलगी. साहेबांनी ती खाकी पिशवी खांद्यावरून काढली आणि सारवलेल्या अंगणात उलटी केली. नळी, खडू, लाल रंगाची बाटली, पानं, पट्टी, कॅसेट, चष्म्याचं घर, अर्धा बिस्किटाचा पुडा. मग पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. आणि दोन्ही हात वर केले.

"घे माझी झडती. तुझ्या माणसांसमोर घे. मी तुझी शेठसमोर घेतली होती."

"काय करता साहेब? हात खाली घ्या."

साहेबांनी हात खाली घेतले नाहीत. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि पुसायला हात नाहीत. जयराम उकिडवा बसला, मातीतून पट्टी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"काच खाली केली की वाजायचं ना?"

"हो."

"मंग काच घासली आसंल. ओरखडा आला का काचंला?"

"नाही. काच चांगली आहे."

"मंग बरं," जयराम म्हणाला. "लय भारी काच व्हती ती." पट्टी परत सामानात ठेवून म्हणाला, "झोडणी चार रोजात उरकंल. मग येतो."

एवढ्यात त्याची आई डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की पाहुण्याची पिशवी उपडी होऊन सामान मातीत पडलंय. तिनं भारा टाकला, मुलाला दोन शब्द सुनावले आणि एकेक वस्तू पदराला पुसून पिशवीत भरली. ज्या पिशवीला मी कधी हात लावू शकलो नव्हतो, ती तिच्या मांडीवर होती. कॅसेट तिनं जरा हलवून पाहिली. मग आत गेली, नव्या तांदळाचं एक गाठोडं बांधून आणलं, पिशवीत वर ठेवलं आणि पिशवी साहेबांच्या खांद्याला अडकवायला गेली. तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"हात कशाला वर धरलेस रं बाबा? खाली घे. जेवाया बस."

साहेबांनी हात खाली घेतले.

माझे हात खालीच होते. मला कोणी काही म्हणालं नाही.